पंज्याखालची जमीन

कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, ही समजूत सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही अंगणात ऐकायला मिळते. भांडणात कान फाटला, कुंपणाच्या तारेत पाय चिरला, तरी घरातली वडीलधारी माणसं निवांत असतात. ‘चाटून चाटून बरं करील त्याचं तेच,’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. समजूत अगदी निराधार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने १९९० मध्ये कुत्र्याची लाळ वेगवेगळ्या जंतूंवर घालून पाहिली. ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस कॅनिस हे नवजात पिल्लांना घातक ठरणारे दोन जंतू लाळेने मेले. व्यालेली कुत्री स्वतःची कास आणि पिल्लं सारखी चाटत असते, त्यामागचा एक अर्थ त्यातून उलगडला. पण स्टॅफिलोकॉकसच्या कुळातल्या जंतूंवर त्याच लाळेचा परिणाम नगण्य होता. आणि कुत्र्याच्या कातडीच्या दुखण्यात सर्वाधिक वेळा सापडतो तो नेमका याच कुळातला. म्हणजे जिथे औषधाची खरी गरज, तिथेच जिभेचं औषध तोकडं पडतं.

जखमेला चार वेळा जीभ लागली तर बिघडत नाही. तोच पंजा तासन्‌तास चाटला गेला की मात्र कातडी ओली राहते, केस गळतात, वरचा थर सोलवटतो आणि बोटांमधल्या उबदार ओलीत जंतू आणि यीस्ट दोन्ही फोफावतात. त्यांची खाज सुटते. खाज सुटली की कुत्रा पुन्हा चाटतो. ज्या कारणाने हे सुरू झालं ते कधीच विरून गेलेलं असलं, तरी हे चक्र पुढे आपल्या बळावर फिरत राहतं.

पुढची पानं या चक्राविषयी आहेत आणि ती सातारा-सांगलीच्या वाचकाला समोर ठेवून लिहिली आहेत. पंजा हा कुत्र्याच्या अंगाचा सतत जमिनीला टेकलेला भाग. जमीन बदलली की पंज्याचं दुखणं बदलतं. महाबळेश्वरचा कडा उतरून जतच्या माळापर्यंत जाताना जमीन, पाऊस, गवत आणि पिकं जितकी पालटतात, तितकी पालट इतक्या थोडक्या अंतरात क्वचित दिसते. इंग्रजी पुस्तकांत या दुखण्याची कारणं सविस्तर दिलेली असतात. त्यांतलं आपल्या गावात कुठलं लागू पडतं, हे मात्र गाव ओळखणाऱ्यालाच सांगता येतं.

आधी पंज्याची रचना. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पाणीदार घामाच्या ग्रंथी त्याच्या तळव्यांपुरत्याच असतात. दवाखान्यात घाबरलेल्या कुत्र्याच्या पायांचे ओले ठसे फरशीवर उमटतात ते त्यामुळे. तळव्याची गादी जाड आणि चिवट असते, पण दोन बोटांमधली कातडी अगदी नाजूक. कुत्र्याच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर जेमतेम तीन ते पाच पेशींचा असतो. माणसाचा त्याच्या दुपटी-तिपटीने जाड. कातडीची आम्लताही निराळी. म्हणून माणसाच्या अंगाला मानवणारा साबण, शाम्पू किंवा जंतुनाशक कुत्र्याच्या बोटांमध्ये आग ओतू शकतं.

फिरून आल्यावर, जेवल्यावर, झोपण्याआधी कुत्रा पंजे थोडे चाटतो. ही त्याची साफसफाई आहे आणि तिची काळजी करण्याचं कारण नाही. काळजी केव्हा करावी? हाक मारली, खायला दाखवलं तरी तो थांबत नाही तेव्हा. रात्री चप-चप आवाजाने घरातल्यांची झोप मोडते तेव्हा. पांढऱ्या कुत्र्यांत तर खूण लांबूनच दिसते. आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. त्याच्या पंज्यांचे केस तांबूस झालेले दिसतात आणि घरच्यांना तो लाल मातीचा डाग वाटतो. खरं तर लाळेतल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचा तो रंग आहे. केस तांबूस दिसले की चाटणं बरेच दिवस चालू आहे असं समजावं. बोटं विलग करून पाहिली तर आत लाली, आंबूस वास, नखांच्या मुळाशी तपकिरी चिकट मळ किंवा वाटाण्याएवढी गाठ, यांपैकी काहीतरी सापडतंच.

आता जमीन. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जावळी आणि पाटणच्या डोंगराळ गावांत जून ते सप्टेंबर अंगण वाळतच नाही. भातखाचरात राबणाऱ्या माणसांच्या पायांना चिखल्या होतात, त्याचीच कुत्र्याच्या पंज्यातली जोडी म्हणजे पावसाळ्यात बोटांमध्ये होणारी यीस्टची लागण. मॅलॅसेझिया नावाचं हे यीस्ट निरोगी कातडीवरही थोडंफार असतं. ओल मिळाली की त्याचं फावतं. ओल्या, सावलीतल्या, कुत्र्यांच्या विष्ठेने घाण झालेल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्याही असतात. त्या पंज्याच्या कातडीतून थेट आत शिरतात आणि शिरताना खाज सुटते. कुत्र्याचा पाय चाटणं आणि त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर शंका आतड्यातल्या कृमींवर घ्यावी. ते रक्तावर जगतात. पिल्लांचा तर त्यांच्यामुळे जीवही जातो.

सांगलीची ओल वेगळी. कृष्णेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी घुसवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. असं पाणी ओसरल्यावर मागे राहतो तो नुसता गाळ नसतो. गटाराचं पाणी, डिझेल, गोदामातली खतं, फुटलेली काच, सगळं त्यात मिसळलेलं असतं. पूर ओसरल्यावर घर धुवायला माणसं पायांत बूट घालून उतरतात आणि कुत्रा अनवाणी त्यांच्यामागे. त्या दिवसांत कुत्र्याचे पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांमधून कोरडे करणं, ही एकच गोष्ट कितीतरी पंजे वाचवू शकते.

पूर्वेकडे गाडी वळली की सगळं उलटतं. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. इथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. चिखल क्वचित, पण माळावर कुसळी गवत. पावसाळा सरला की हे गवत पिकतं आणि त्याची कुसळं सुटतात. मेंढपाळांना त्यांचा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लोकरीतून आत घुसून ती मेंढीच्या कातडीत रुततात. कुसळाची बनावट पाहण्यासारखी असते. टोक सुईसारखं, त्यामागे उलट्या दिशेची राठ लव आणि शेवटी पिळलेली शेपटी. हवेतली ओल कमी-जास्त होते तशी ही शेपटी पीळ खाते आणि सोडते, आणि कुसळ पुढे पुढे सरकतं. उलट्या लवेमुळे ते मागे येत नाही. कुत्र्याच्या दोन बोटांमध्ये ते शिरलं की पहिल्या दिवशी बारीक छिद्र दिसतं, मग गाठ येते, फुटते, वाहते, वाळते आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फुटते. प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी प्रत्येक वेळी बरं वाटतं. कुसळ आत असेपर्यंत हे बरं वाटणं टिकत नाही. कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक फॉक्सटेल गवताच्या अशाच कुसळांनी दर उन्हाळ्यात हैराण असतात. तिथे ते शोधून काढण्यासाठी गुंगी देऊन, वेळप्रसंगी सोनोग्राफी करून पंजा तपासतात. आपल्याकडे पुष्कळदा शंकाच घेतली जात नाही. मग माळावर फिरणाऱ्या कुत्र्याची ती गाठ ‘उष्णतेची’ म्हणून सोडून दिली जाते.

कुसळाच्या जोडीला सराटे आणि वेडी बाभूळ आहेत. काटा गादीत मोडला की वरून काहीच दिसत नाही, बोटाने दाबल्यावर कुत्रा पाय ओढून घेतो तेवढंच. ही भूमी कारवान आणि पश्मी कुत्र्यांची. जतपासून फार लांब नसलेल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांची पैदास नावारूपाला आणली आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीटही काढलं. सशामागे सुसाट धावण्यासाठीच घडलेला हा कुत्रा. धावताना त्याचा सगळा जोर चार लांबट पंज्यांवर येतो. नख उलटणं, गादी फाटणं, बोट मुरगळणं त्याच्या वाट्याला हमखास येतं आणि मुका मार लागलेलं बोट तो चाटत बसतो. तेव्हा कातडीवर खूण शोधून उपयोग नसतो, सांधा दाबून पाहावा लागतो.

दोन्ही टोकांच्या मध्ये कृष्णाकाठचा बागायती पट्टा. उसाच्या पात्याची धार माणसाच्या हाताला कापते, तशीच ती कुत्र्याच्या बोटांमध्येही ओरखडे काढते. त्याहून गंभीर गोष्ट द्राक्षबागेत घडते. तासगाव, पलूस, मिरज भागात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा धडाका सुरू होतो. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, बुरशीनाशकं, कीटकनाशकं वेलीवरून खाली ठिबकतात आणि मालकामागे ओळीतून फिरणाऱ्या कुत्र्याच्या पंज्यांना लागतात. आग होते म्हणून तो चाटतो आणि चाटल्याने तेच द्रव्य पोटात जातं. तोंडातून लाळ गळणं, अंग थरथरणं, बाहुल्या बारीक होणं, उलटी किंवा पातळ शी, यांतलं काही दिसलं तर ती विषबाधा समजून औषधाच्या बाटलीसकट कुत्र्याला दवाखान्यात न्यायला हवं. डॉक्टरला बाटलीवरचं नाव कळलं तर उतारा लवकर देता येतो. फवारणीच्या दिवशी कुत्रा बागेबाहेर बांधणं सगळ्यात सोपं. जाता जाता एक गोष्ट इथेच सांगायला हवी: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. बेदाण्याच्या शेडवर राखणीला ठेवलेल्या कुत्र्याला कौतुकाने मूठभर बेदाणे टाकण्याची सवय मोडायला हवी.

गाजर गवताचं नाव घेतल्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे तण आज बांधावर, रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर सगळीकडे आहे आणि माणसाच्या कातडीला त्याची अॅलर्जी होते हे सिद्ध झालेलं आहे. कुत्र्यात स्पर्शाने होणारी अॅलर्जी केस विरळ असलेल्या जागी उठते: पोट, जांघा, बोटांमधली कातडी. गाजर गवतात लोळून आलेल्या कुत्र्याची नेमकी हीच ठिकाणं लाल झाली, तर आधी त्याला धुवावं.

साताऱ्याच्या, कराडच्या, सांगली-मिरजेच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याची गोष्ट मात्र जमिनीपेक्षा हवेची आणि गादीची आहे. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, शिह त्झू यांच्यात अटोपी नावाची अॅलर्जी पुष्कळ आढळते. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशीचे कण यांना शरीर अवाजवी प्रतिसाद देतं. माणसाला यांची शिंक येते, कुत्र्याला खाज. स्वित्झर्लंडचे क्लॉद फाव्रो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अटोपी ओळखायच्या खुणा मांडल्या, त्या आजही जगभर वापरल्या जातात. दुखणं वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आत सुरू होतं. कुत्रा बहुतेक घरातच राहतो. पुढचे पाय आणि कानाच्या पाळ्या लाल होतात, पण पाळीची कडा आणि कमरेचा भाग सहसा सुटतो. स्टिरॉइडने खाज थांबते. कंबर आणि शेपटीचं मूळ खाजत असेल तर संशय पिसवांवर घ्यावा. दोन वर्षांच्या लॅबचे दोन्ही पुढचे पंजे तांबूस झालेत आणि कान सारखे फडफडतात, एवढं ऐकूनही अनुभवी डॉक्टर निम्म्या वाटेवर पोचलेला असतो.

यातूनच या विषयाची खरी किल्ली हाती येते. मलम कुठलं, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं: किती पंजे? एकच पंजा, तोही अचानक, म्हणजे काटा, कुसळ, जखम, मोडलेलं नख, सांधा, क्वचित गाठ. दोन्ही पुढचे किंवा चारही पंजे म्हणजे अॅलर्जी, यीस्ट, किडे, किंवा ज्यावरून चालला ते द्रव्य. कुठला महिना? दर पावसाळ्यात येतं आणि थंडीत जातं, की बारा महिने सारखंच? बारमाही खाजेत खाण्याचा संशय बळावतो. वय किती? आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याला पहिल्यांदाच हे सुरू झालं तर अॅलर्जीआधी सांधेदुखी, ग्रंथींचे आजार आणि गाठी तपासायला हव्यात. आणि शेवटचं, घरातल्या माणसांनाही खाज सुटली आहे का? असेल तर लूत, म्हणजे सार्कोप्टिस किड्याची खरूज, डोकं वर काढते. गोचिडीला बोटांमधली जागा विशेष आवडते, म्हणून गोचीड शोधताना मानेइतकंच लक्ष पंज्यांकडे द्यावं; तीच गोचीड एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार पसरवते.

या दोन जिल्ह्यांत कुत्र्याची कदर कमी नाही. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत या कुत्र्याने शाहूंचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं साताऱ्यात रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवलं आहे. औदुंबरच्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात आणि कराडजवळच्या पालच्या खंडोबाला कुत्रा आपला वाटतो. माया आहे, म्हणूनच उपायांची घाईही आहे.

पहिला हात जातो हळदीवर. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातल्या कर्क्युमिनचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसतातही. पण बोटांमध्ये लिंपलेली हळद आणि तेल पाच मिनिटांत चाटून साफ होतं, उरते ती ओल, आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसेनाशी होते. एवढ्याने फार नुकसान होत नाही. खरं नुकसान जळक्या ऑइलने होतं. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं वापरलेलं इंजिन ऑइल फासायची रीत गावोगाव आहे. त्यात जड धातू आणि पेट्रोलियमची विषारी द्रव्यं असतात, ती कातडीतून आणि जिभेवाटे शरीरात जातात. रॉकेलने कातडी भाजते. तंबाखूच्या पाण्याने निकोटिनची विषबाधा होते. झिंक असलेली मलमं चाटली गेली की रक्तपेशींना धोका. घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा करते. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणं हाही जुगारच: कॉली जातीत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये एमडीआर-१ या जनुकात दोष असतो, २००१ मध्ये तो शोधला गेला, आणि अशा कुत्र्याच्या मेंदूत हे औषध शिरून तो बेशुद्ध पडू शकतो. हे सगळे उपाय मायेने केलेले असतात, म्हणून त्यांची चेष्टा करून चालणार नाही. त्यांच्या जागी काय करायचं ते सांगावं लागतं.

करायचं ते साधं आहे. फिरून आल्यावर कोमट पाण्याने चारही पंजे धुवायचे, टॉवेलने बोटांमधून पूर्ण कोरडे करायचे. केस लांब असतील तर बोटांमधले कापून घ्यायचे. डॉक्टरने सांगितलं तर क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोलचा शाम्पू, तोही लगेच न धुता दहा मिनिटं ठेवून. जखम भरेपर्यंत गळ्यात प्लास्टिकचा शंकू. हा शंकू कुत्र्याला आवडत नाही आणि मालकालाही बघवत नाही, पण काढायची घाई केली तर आठवड्याची कमाई एका रात्रीत चाटून जाते.

दवाखान्यातल्या तपासण्याही समजून घेतलेल्या बऱ्या, कारण त्यांतल्या बऱ्याचशा स्वस्त आहेत. साधी पारदर्शक चिकटपट्टी बोटांमध्ये दाबून तिच्यावर रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट आणि जंतू दिसतात. कातडी हलकेच खरवडून डेमोडेक्स आणि सार्कोप्टिस हे किडे शोधतात. डेमोडेक्स फक्त पंज्यांतच ठाण मांडून बसू शकतो आणि तिथून हटायला महिने घेतो. अफॉक्सोलेनर, फ्लुरालेनर यांसारख्या, २०१३ पासून जगभर आलेल्या गोळ्यांनी गोचीड, पिसवा आणि हे किडे या तिन्हींवरचे उपचार बदलून टाकले आहेत. अटोपीसाठी पूर्वी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सोडून फारसं काही नव्हतं. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून मालकाला तेच हवं असतं; पण महिनोन्‌महिने दिलं तर तहान, भूक, वजन वाढतं, कातडी पातळ होते, संसर्ग बळावतात. खाजेचा निरोप नेणाऱ्या मार्गावर काम करणारं ऑक्लासिटिनिब अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं आणि आता आपल्याकडेही मिळतं. वर्षाच्या आतल्या पिल्लाला ते देत नाहीत. अटोपी बरी होऊन संपत नाही, ती आटोक्यात ठेवावी लागते. हे पहिल्या भेटीत स्पष्ट सांगितलं तर पुढे तीन दवाखाने बदलायची वेळ येत नाही.

खाण्याच्या अॅलर्जीत मात्र घरच्यांचीच कसोटी लागते. जगभरच्या नोंदींचा २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. अॅलर्जी सिद्ध झालेल्या कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांसाची, १७ टक्क्यांना दुधाच्या पदार्थांची, १५ टक्क्यांना कोंबडीची आणि १३ टक्क्यांना गव्हाची अॅलर्जी निघाली. आपल्याकडचा कुत्रा काय खातो? सकाळी दूध-चपाती, रविवारी चिकनची हाडं, मधल्या वेळी बिस्किट. म्हणजे या यादीतल्या तीन गोष्टी नेहमीच्याच ताटलीत. रक्ताच्या किंवा केसांच्या तपासणीने ही अॅलर्जी खात्रीने ओळखता येत नाही. रीत एकच: आजवर न खाल्लेलं अन्न, उदाहरणार्थ शिजवलेले मासे आणि बटाटा, सलग आठ आठवडे द्यायचं आणि बाकी काही नाही. एवढ्या मुदतीत खऱ्या अॅलर्जीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्र्यांना उतार पडतो. मग जुनं अन्न पुन्हा देऊन पाहायचं. खाज परतली तर निदान पक्कं. अडचण शास्त्रात नसते, आजीने प्रेमाने टाकलेल्या चपातीच्या तुकड्यात असते. म्हणून ही परीक्षा सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांना आणि दूधवाल्यालासुद्धा सांगून ठेवावं लागतं.

काही कुत्र्यांचं चाटणं मनातून येतं. मनगटाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी चाटून चाटून केस गेलेला, जाड, चकचकीत चट्टा पडतो. लॅब्रॅडोर, डॉबरमन, ग्रेट डेन यांच्यात तो जास्त दिसतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशा कुत्र्यांना माणसाच्या मंत्रचळावर, म्हणजे हात सारखे धुण्यासारख्या सक्तीच्या कृतींवर, चालणारी औषधं देऊन पाहिली. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिनने चाटणं कमी झालं. मंत्रचळावर न चालणाऱ्या दुसऱ्या एका नैराश्यविरोधी औषधाने झालं नाही. त्यातून माणसाच्या आणि कुत्र्याच्या मेंदूतलं नातं समोर आलं. पण ‘हा मानसिक आहे’ असं म्हणायची घाई करू नये. अशा चट्ट्यात खोलवर जंतुसंसर्ग बहुधा असतोच, त्याखाली दुखरा सांधा असू शकतो, आणि दोन्ही तपासल्यावरच मनाकडे वळायचं. गोठ्याजवळ दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला आधी हवं असतं ते रोज तासभर मोकळं फिरणं.

एक धोका वेगळा काढून सांगायला हवा. पिसाळलेला प्राणी चावलेल्या जागी कधी कधी विलक्षण खाज सुटते आणि कुत्रा ती जागा वेड्यासारखी चाटतो, चावतो. लस न झालेल्या कुत्र्याचं वागणं एकाएकी बदललं असेल, आवाज घोगरा झाला असेल, लाळ गळत असेल, तर त्याचा पंजा हातात घेऊ नये आणि तोंडात काही अडकलंय का, हे तर मुळीच पाहू नये. त्याला वेगळा ठेवून पशुवैद्यकाला बोलवावं. लाळ अंगाला लागली असेल तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

हे सगळं ज्ञान या प्रदेशाला दूरचं नाही. सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरेकाठच्या शिरवळला, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्याला नाव आहे क्रांतिसिंह नाना पाटलांचं. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील ज्या जुन्या साताऱ्यात प्रतिसरकार चालवत होते, त्याच साताऱ्यातून पुढे सांगली जिल्हा वेगळा झाला. २००० मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी हे महाविद्यालय जोडलेलं आहे. कातडीचं अवघड दुखणं घेऊन पुण्या-मुंबईला धावण्याआधी शिरवळची वाट धरायला हरकत नाही.

शहरातल्या कुत्र्याला ही वाट सापडेल. फलटण, माणच्या धनगरांबरोबर दिवाळीनंतर कोकणाकडे चालत निघणाऱ्या कुत्र्याचं काय? तो माळावरची कुसळं पंज्यात घेऊन घाट उतरतो, दुसऱ्या मातीत रात्री राखण करतो आणि पावसाआधी परत येतो. तो लंगडला तर कळप थांबत नाही. मेंढ्यांना लस टोचायला पशुवैद्यक तळावर येतात, तेव्हाच या कुत्र्यांचे पंजेही उलगडून पाहता येतील. त्याला प्रत्येकी दोन-चार मिनिटं लागतात. सोबत तोंड बांधायला एक पट्टी, उजेडाला बॅटरी, कुसळ ओढायला बारीक चिमटा आणि धुवायला जंतुनाशक, एवढं असलं की पुरे.